भिंत बांधायचीच असेल तर घाटासारखी बांधा

गोदाघाटावर आपण इतक्या वेळा बसलेलो असतो की ही मुळात काठ धरून ठेवणारी भिंत आहे हे डोक्यातच येत नाही. नदी दर पावसाळ्यात चढते, काठाची माती ओढायला बघते आणि दगडी पायऱ्या ती माती जागेवर ठेवतात, काम म्हटलं तर एवढंच. पण त्या कामावर आपण नाशिककरांनी काय काय चालवलंय बघा ना, अंघोळी, दशक्रिया, धुणी, बुधवारचा बाजार, उन्हाळ्यात पोरांच्या उड्या, संध्याकाळची आरती, आणि पूर आला की अख्खं गाव पुलावर जमून नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघत उभं. धरणातून किती क्युसेक सोडलंय ते बातम्यांत सांगतातच, पण घरचे फोन करून विचारतात ते मारुतीच्या कमरेला लागलं का छातीला. २००८ ला असंच, २०१६ लाही असंच. पाणी कितीही वर-खाली झालं तरी कुठली ना कुठली पायरी पाण्याला लागून असतेच, त्यामुळे घाट बारा महिने वापरात राहतो.

हे सगळं मला मालदीवला आठवत होतं. सासूबाईंची पंच्याहत्तरी म्हणून आम्ही सगळे गेलो होतो, त्यांना एकदा तरी ते निळं पाणी बघायचं होतं. मी लँडस्केपचं काम करते, गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला जी फार्महाऊस आणि रिसॉर्ट झालीयेत त्यातल्या काहींच्या बागा, पायवाटा, रिटेनिंग वॉल हे माझं रोजचं, त्यामुळे घरचे सगळे मासे बघत होते आणि माझे डोळे सारखे भिंतींकडे जात होते.

बेट छोटंसं, रमतगमत चाललं तरी थोड्याच वेळात फेरी पूर्ण. एका बाजूला पांढरीशुभ्र वाळू, आरामखुर्च्यांच्या तीन-तीन रांगा मावतील एवढी रुंद, आणि दुसऱ्या बाजूला वाळू नाहीच, सरळसोट काँक्रीटची भिंत आणि तिच्या पायथ्याशी धपाधप आपटणारं पाणी. मधे समुद्रात घुसलेले दगडांचे टी आकाराचे बांध, त्यातल्या एकाच्या टोकाला झोका टांगलेला, त्या झोक्यावर बसून फोटो काढायला सकाळपासून रांग. भिंतीच्या बाजूला मात्र पाहुणे फिरकत नव्हते, तिकडे स्टाफच्या खोल्या आणि वाळू भरलेल्या मोठाल्या पिशव्यांची फाटायला आलेली रांग. मला ते फार खटकलं. समुद्र तोच, काम तेच, आणि एक बांध सगळ्यांना हवाहवासा तर दुसऱ्या भिंतीकडे सगळ्यांची पाठ.

बोटीवर एक मालदीवचाच मुलगा होता, हिंदी सिनेमे बघून छान हिंदी बोलायचा, त्याने हाताने गोल करून दाखवलं की ही वाळू बेटाभोवती फिरते, आत्ता इकडे आहे, वारा बदलला की तिकडे जाईल. तिथे वाऱ्याचे दोन मोसम, एक ईशान्येचा आणि एक नैऋत्येचा, वारा फिरला की लाटांची दिशा फिरते आणि वाळू त्यांच्याबरोबर सरकते. ही बेटं शेकडो वर्षं अशीच हलत-डुलत टिकलीयेत. रिसॉर्टला मात्र वाळू बारा महिने एकाच खोलीसमोर हवी, कारण त्या खोलीचे पैसे बीच व्हिला म्हणून घेतलेले असतात, मग बांध घालायचे, पंपाने वाळू ओढून आणायची, पुढच्या मोसमात परत तेच.

नाशिकला समुद्र नाही पण दिंडोरी रोडला मेरी, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे, १९५९ पासून, म्हणजे धरणं, कालवे, पाणी यावर आयुष्य घालवलेली माणसं आमच्या भागात गल्लोगल्ली सापडतात. आमच्या सोसायटीतले एक काका तिथूनच रिटायर झाले. परत आल्यावर मी त्यांना फोटो दाखवले तर चष्मा लावून त्यांनी आधी झोक्याचा फोटो बाजूला सारला आणि ती काँक्रीटची भिंत झूम करून बघितली.

"अगं, लाट म्हणजे ताकद," काका म्हणाले, "ती कुठेतरी खर्च व्हायलाच पाहिजे. सरळ भिंतीवर आपटली की तशीच परत फिरते आणि जाताना पायथ्याची वाळू घेऊन जाते. भिंतीमागची जमीन वाचते पण भिंतीपुढची पुळण गेलीच म्हणून समज."

"आणि ते टी आकाराचे बांध, काका? तिथे तर भरपूर वाळू होती."

"होती ना, पण ती पुढे जायची होती. तुझ्याकडे साठली म्हणजे शेजाऱ्याची थांबली."

हे शेजाऱ्याचं प्रकरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि रिसॉर्टच्या सुंदर सुंदर ड्रॉइंगमध्ये ते कधीच दिसत नाही. पुद्दुचेरीत हेच झालं, १९८० च्या दशकाच्या शेवटी बंदरासाठी समुद्रात बांध घातले आणि उत्तरेकडे शहरासमोरचा किनारा हळूहळू नाहीसाच झाला, दगड टाकत बसले. खूप वर्षांनी राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने तिथे पाण्याखाली बुडलेला कृत्रिम रीफ, म्हणजे समुद्रतळावरचा बांधच, बसवला, लाटा त्याच्यावर आधीच फुटायला लागल्या आणि वाळू परत येऊन साठली. एका बेटावर एकच रिसॉर्ट असेल तर शेजारी कुठला असं कुणी म्हणेल, पण शेजारी म्हणजे त्याच बेटाची दुसरी बाजू, जिथे स्टाफच्या खोल्या होत्या.

मालदीवच्या राजधानीची, मालेची, गोष्ट तर प्रत्येक रिसॉर्टवाल्याने ऐकावी अशी आहे. तिथली जुनी घरं प्रवाळाच्या दगडाची, बांधकामासाठी बेटाभोवतीच्या प्रवाळांच्या रांगेतून, रीफमधूनच प्रवाळ काढायचे, वर समुद्रात भराव घालून शहर वाढवलं, म्हणजे निसर्गाने घातलेला बंधारा आपल्याच हाताने कमी केला. १९८७ च्या एप्रिलमध्ये मोठाल्या लाटा शहरात घुसल्या. त्यानंतर जपानच्या मदतीने बेटाभोवती टेट्रापॉडची तटबंदी उभी राहिली, टप्प्याटप्प्याने, २००२ पर्यंत काम चाललं, आणि दोनच वर्षांनी २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा मालेचं नुकसान पुष्कळ कमी झालं याचं श्रेय तिथले लोक त्या तटबंदीला देतात. शहरात टेट्रापॉडचं चक्क स्मारक आहे. एका काँक्रीटच्या ठोकळ्याचं स्मारक उभारणारी माणसं बघून मला मनापासून आदर वाटला.

टेट्रापॉड म्हणजे आपल्या मरीन ड्राइव्हला पडलेत तेच, चार पायांचे. १९५० मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या प्रयोगशाळेत ते जन्माला आले. त्यांची गंमत म्हणजे ते एकमेकांत अडकतात आणि मधे भरपूर पोकळी सोडतात, लाट त्या पोकळ्यांमधून फिरत फिरत दमते. ती पोकळीच खरं तर सगळं आहे. मरीन ड्राइव्हला अख्खी मुंबई त्या कट्ट्यावर बसते, खालच्या टेट्रापॉडच्या फटींमध्ये खेकडे राहतात, वर माणसं आणि आत जीव, आणि दोघांनाही ती जागा कुणी मुद्दाम दिलेली नाही. आता हेच मुद्दाम, विचार करून दिलं तर?

आणि लोकांनी दिलंय हो! डोमिनिकन रिपब्लिकमध्ये १९९८ साली एका बीच रिसॉर्टसमोर रीफ बॉल नावाचे पोकळ, भोकाभोकांचे काँक्रीटचे घुमट पाण्याखाली ओळीने मांडले, साधारण साडेचारशे. वरून काहीच दिसत नाही, म्हणजे समुद्राचा देखावा जसाच्या तसा. त्याच वर्षी तिथे जॉर्जेस नावाचं भयंकर चक्रीवादळ आलं, घुमट जागचे हलले नाहीत आणि मागचा किनारा पुढे रुंद झाला. भोकांमध्ये मासे राहायला आले आणि पाहुणे मास्क लावून तिथेच पोहायला लागले. एकाच कामात बंधारा, माशांची वस्ती आणि रिसॉर्टची सहल! मालदीवमधल्या समर आयलंड रिसॉर्टने २०१८ मध्ये थ्रीडी प्रिंटरवर साचे बनवून चिनीमातीचे २२० तुकडे तयार केले, आत काँक्रीट भरलं आणि पाण्याखाली ते ठोकळ्यांच्या खेळासारखे जोडून त्यावर प्रवाळाचे तुकडे लावले, खडबडीत पृष्ठभाग मुद्दाम, कारण गुळगुळीत भिंतीवर प्रवाळाला धरायला काही मिळत नाही. त्याच्या कितीतरी आधी, १९९० च्या दशकात, इहुरू बेटाजवळ लोखंडी सांगाडे पाण्यात ठेवून त्यातून कमी दाबाची वीज सोडली होती, विजेमुळे समुद्रातलेच क्षार लोखंडावर जमून दगडासारखा थर होतो आणि त्यावर प्रवाळ वाढतात. १९९८ ला समुद्र तापला आणि मालदीवमधले उथळ पाण्यातले बहुतेक प्रवाळ पांढरे पडून मेले, तेव्हा त्या सांगाड्यावरचे बरेचसे टिकले होते.

प्रवाळांचं एवढं कौतुक कशाला असं सासूबाईंनीही विचारलं होतं, तर ऐका. ती पांढरी वाळू येते कुठून? डोंगर नाहीत, नद्या नाहीत, कुणी वाहून आणणारं नाही. पोपटमासा नावाचा रंगीत मासा चोचीसारख्या दातांनी रीफ खरवडतो, शेवाळ पोटात ठेवतो आणि दगडाचा भुगा बाहेर टाकतो. मालदीवच्या वक्कारू बेटाभोवतीच्या रीफवर संशोधकांनी मोजमाप करून २०१५ मध्ये मांडलं की तिथे नव्याने तयार होणाऱ्या वाळूतली ८५ टक्क्यांहून जास्त वाळू पोपटमाशांची. हे समजल्यापासून मी ती वाळू आठवली की गप्प होते. सरळ भिंत बांधली की पोपटमाशाला तिथे काही खायला नाही, पोकळ, खडबडीत, प्रवाळ धरणारा बंधारा बांधला तर त्याला काम मिळतं, आणि त्याचं काम म्हणजेच रिसॉर्टचा बीच. पंपाने वाळू ओढण्यापेक्षा हा कारागीर सांभाळलेला किती बरा. पण त्यासाठी वेळ द्यावा लागतो, प्रवाळ काही सीझन बघून वाढत नाहीत.

कल्पकता म्हणून केलेल्या सगळ्याच गोष्टी मला पटतात असं नाही. इंग्लंडमध्ये बॉस्कम नावाच्या गावी लाटांवर सर्फिंग करता यावं म्हणून २००९ मध्ये वाळूच्या प्रचंड पिशव्यांचा रीफ केला, हव्या तशा लाटा काही उठल्या नाहीत आणि दोन वर्षांच्या आत पिशव्या फाटून तो बंद करायची पाळी आली. मालदीवच्याच एका रिसॉर्टमध्ये २०१८ ला शिल्पकार जेसन डीकेअर्स टेलर यांनी पाण्यात अर्धी बुडालेली पुतळ्यांची गॅलरी उभारली, भरतीला पाणी आतून वाहणार आणि मासे फिरणार अशी, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सरकारी आदेशाने पुतळे फोडले गेले, मनुष्याकृती धर्माला धरून नाहीत म्हणून. पुतळे फोडलेले मला आवडले नाहीत, आणि तरी मनात येत राहतं की त्या गावच्या माणसांना काय हवंय हे बांधायच्या आधी विचारायला पाहिजे होतं. त्याच देशात प्रत्येक वस्तीच्या बेटावर बंदराच्या धक्क्याजवळ दोरीच्या जाळीच्या खुर्च्या असतात, जोली म्हणतात त्यांना, आम्ही एका लोकल बेटावर गेलो तेव्हा दुपारी बायका-पुरुष त्यात पाय पसरून गप्पा मारत होते, समोर लाटा अडवणारा बांध, ब्रेकवॉटर, आत शांत पाणी, त्यात पोरं डुंबतायत. मालेत तर ब्रेकवॉटरच्या आडोशाला खास पोहायला केलेला आर्टिफिशियल बीचच आहे, सगळ्यांना खुला. रिसॉर्टने नक्कल करायचीच तर ह्याची करावी.

आणि कोकणात आपल्याकडे? देवबागला, मालवणच्या खाली, एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे चिंचोळी पट्टी, तिथे माडांच्या मुळाखालची वाळू जाताना बघितलीय मी, दगडांचा धूपप्रतिबंधक बंधारा घातलाय आणि त्याला अगदी टेकून होमस्टे. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काकू त्या दगडांवर मासळी वाळवायच्या, संध्याकाळी त्यांचा मुलगा तिथूनच गरी टाकायचा, पण पाण्याजवळ जायचं तर टोकदार दगडांवरून तोल सांभाळत, म्हाताऱ्या माणसाला अशक्यच. सासूबाई तिथे वरच बसून राहिल्या होत्या. पाहुण्यांचा आणि गावकऱ्यांचाही समुद्राशी संबंध त्या दगडांनी तोडला होता. केरळात चेल्लानमला २०२२ च्या सुमारास टेट्रापॉडची लांबलचक भिंत झाली, वर चालायला वाट केली, आणि ज्या गावात दर पावसाळ्यात घरात पाणी शिरायचं तिथे आता लोक सूर्यास्त बघायला येतात. वाट काढायला खर्च होतोच, पण तो त्या अख्ख्या भिंतीच्या मानाने थोडा असतो.

म्हणून मला कुणी बेटावरच्या रिसॉर्टचं काम दिलं तर मी काय करीन ते सांगते. लाटा फोडायचं मुख्य काम पाण्याखाली, पोकळ आणि खडबडीत रीफवर सोपवायचं, आणि किनाऱ्यालगत भिंत लागणारच असेल तर तिला पायऱ्या. पायऱ्यांवर लाट थोडी थोडी मोडते, सरळ भिंतीसारखी उसळून अंगावर येत नाही. कोकणात भरती-ओहोटीत दोन मीटरच्या आसपास फरक पडतो तर मालदीवला त्याच्या निम्म्यापेक्षाही कमी, म्हणजे तिथे मोजक्या पायऱ्यांमध्येच भागेल. पायऱ्यांमध्ये मधूनमधून खोलगट कुंड ठेवायचे, ओहोटीला त्यात पाणी राहील आणि शंख, खेकडे, छोटे मासे राहतील, लहान मुलं तासन्‌तास वाकून बघत बसतील, माझी लेक तर जेवायलाही यायची नाही. सिडनीत २०१८ पासून समुद्राच्या जुन्या भिंतींवर अशा खळगे-खाचांच्या फरश्या बसवतायत आणि गुळगुळीत भिंतीपेक्षा त्यांच्यावर जास्त प्रकारचे जीव राहायला येतात. एका ठिकाणी तरी रुंद, कमी उंचीच्या पायऱ्या आणि धरायला दांडा, पंच्याहत्तरीच्या बाईला पाण्यात पाय सोडून बसता येईल असा. रात्री दिवे नकोत, कासवाची पिल्लं उजेडाला फसून उलटी जमिनीकडे चालू लागतात.

आणि तो झोका, तो ठेवायचा! फक्त बांधाच्या टोकाला फोन टेकवायला एक पक्की खाच करायची, म्हणजे प्रत्येकाचा फोटो एकाच कोनातून येईल. सिडनीतच २०१७ ला असं सुरू झालं, कोस्टस्नॅप म्हणतात, फिरायला आलेली माणसं खाचेत फोन ठेवून किनाऱ्याचा फोटो काढतात आणि त्या फोटोंवरून वाळूची रेषा कुठे सरकली ते संशोधक मोजतात. रिसॉर्टला रोज किती फोटो फुकट मिळतील! शिवाय बांधाच्या दगडावर मोठ्या आकड्यांची पट्टी रंगवायची, वाळू कितीपर्यंत आहे ते पाहुण्याला स्वतःला दिसू दे, गेल्या वेळी अमुक आकड्याला होती असं म्हणत परत येऊ दे. दुतोंड्या मारुतीपाशी आपण पिढ्यानपिढ्या दुसरं काय करतोय? ज्याचं माप रोज डोळ्यांना दिसतं त्याची काळजी लागते माणसाला.

स्टाफच्या खोल्यांच्या बाजूलाही हेच करायचं, हे मी करारातच लिहून घेईन.

काकांना हे सगळं सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, "तळ मोकळा ठेवशील ना?" त्यांचा रोख मला कळला. २००३ च्या सिंहस्थाच्या वेळी रामकुंडाच्या आसपासची जुनी कुंडं काँक्रीटखाली गेली आणि त्यातले जिवंत झरे बुजले, हे दुखणं जुन्या नाशिककरांना अजून आहे. आता २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी परत नव्या घाटांचं काम निघालंय. घाट म्हणून गुळगुळीत काँक्रीटचा उतार ओतला तर त्यात आणि त्या बेटावरच्या भिंतीत काही फरक राहणार नाही, दगड, फटी, झऱ्यांना वाट हे सगळं असलं तरच तो घाट. समुद्रकिनारी सुद्धा काँक्रीट ओतायचं असेल तर ते पोकळ्या ठेवून ओतायला हवं, काकांचं आणि माझं यावर एकमत आहे.

सध्या मी देवबाग, तारकर्ली, मालवण या पट्ट्याचे जुने फोटो गोळा करतेय. तुमच्याकडे सहलीचे, लग्नानंतरच्या पहिल्या ट्रिपचे, शाळेच्या कॅम्पचे असतील, ज्यात मागे माड, एखादं घर, बंधारा किंवा देऊळ दिसतंय असे, तर प्लीज पाठवा, आणि मागे वर्ष लिहिलेलं असेल तर त्या बाजूचाही फोटो काढा. त्याच जागी उभं राहून परत फोटो घ्यायचा आणि वाळू किती गेली ते त्या काकूंच्या मुलाबरोबर बसून मोजायचं ठरलंय, बंधाऱ्याला पायऱ्या मागायला ग्रामपंचायतीत जाताना हातात काहीतरी पाहिजे.